प्रशिक्षक पाठमोरे बसतात अशी गायनस्पर्धा सुरू करतोय: चित्रीकरणाआधी काय काय पक्कं हवं?

नवा_हंगाम

नमस्कार मंडळी. वाहिनीसाठी एका नव्या गायनस्पर्धेची आखणी चालू आहे. चार नावाजलेले गायक प्रशिक्षक म्हणून असतील. पहिल्या फेरीत ते स्पर्धकाकडे पाठ करून बसतील आणि आवाज पटला तर बटण दाबून खुर्ची वळवतील. मग प्रत्येकाचा संघ, जोडीच्या लढती, बाद फेरी आणि शेवटी थेट प्रक्षेपणात प्रेक्षकांची मतं. आठवड्याला तासाभराचे दोन भाग. परवान्याबद्दल मूळ संकल्पनेच्या मालकांशी बोलणी चालू आहेत.

अडचण अशी की बैठकीत चर्चा होते ती फक्त 'प्रशिक्षक कोण' याचीच. बाकी सगळं 'ते होऊन जाईल' या सदरात. म्हणून जाणकारांना विचारतो: पहिल्या फेरीला किती स्पर्धक बोलवायचे आणि किती दिवस धरायचे? खुर्च्या आणि आवाज यांत नेमकं काय बिघडतं? गाण्यांच्या परवानग्या केव्हा सुरू करायच्या? आणि मतदानात हात पोळू नयेत म्हणून काय करावं?

---

पडद्यामागे

प्रशिक्षकांची नावं ठरवण्याआधी त्यांचे दिवस मोजा. नाव मोठं आणि तारखा चार, असं झालं की सगळा आराखडा कोसळतो.

हिशेब उलटा, म्हणजे अंतिम फेरीकडून मागे करत या. थेट फेरीत १६ जण हवेत असं धरू, म्हणजे संघात ४. त्याआधीच्या बाद फेरीत दोघांतला एक राहतो, म्हणजे तिथे ३२ लागतात. त्याआधी जोडीच्या लढती. ४८ जणांच्या २४ जोड्या, त्यांतून २४ विजेते, आणि हरलेल्यांपैकी प्रत्येक प्रशिक्षकाने दोन उचलले तर आणखी ८. बेरीज बरोबर ३२. म्हणजे पहिल्या फेरीत संघ १२-१२ चे.

आता ४८ जागा भरायला बोलवायचे किती? निम्म्यांसाठी खुर्ची वळेल असं धरलं तरी ९६. थोडे वर ठेवा, १०० ते १०५. फेरीच्या शेवटाकडे प्रशिक्षक हात आखडतात. दोनच जागा उरल्या की चांगल्या आवाजालाही बटण दाबलं जात नाही आणि शेवटच्या दिवशी सलग सात-आठ जण रिकाम्या हाताने परत जातात. सेटवर मरगळ येते ती तिथेच. उपाय एकच: निवड समितीने स्पर्धकांचा क्रम ठरवताना दमदार आवाज सगळ्या दिवसांत वाटून टाकायचे आणि त्यांतले काही शेवटच्या दिवसासाठी मुद्दाम राखून ठेवायचे.

वेळेचं म्हणाल तर गाणं असतं दीड मिनिटाचं, पण एका स्पर्धकाला फ्लोअर (चित्रीकरणाची जागा) सरासरी २० मिनिटं लागतो. एकही खुर्ची वळली नाही तर दहा मिनिटांत काम उरकतं. चारही वळल्या की ओढाओढी सुरू होते आणि पंचवीस मिनिटं कुठे गेली ते कळत नाही. दहा तासांच्या पाळीतून जेवण, मेकअप आणि तांत्रिक थांबे वजा केले की हातात आठ तास, म्हणजे ४८० मिनिटं राहतात. कागदावर २४ जण बसतात, तुम्ही २० धरा. शंभर जणांना पाच दिवस, आणि सहावा दिवस राखीव. हा सहावा दिवस प्रशिक्षकांच्या करारात लिहिलेला असलाच पाहिजे. तोंडी 'बघू' म्हणजे नाही.

एक गोष्ट नवख्या निर्मात्यांच्या हमखास नजरेतून सुटते. पहिल्या फेरीच्या सगळ्या दिवसांत प्रशिक्षकांचे कपडे, केस, दागिने तेच हवेत. पाच दिवसांचं चित्रीकरण संकलनात पत्त्यांसारखं पिसून नऊ भागांत वाटायचं असतं. तिसऱ्या दिवशीचा स्पर्धक पहिल्या भागात आला आणि प्रशिक्षकाचा शर्ट बदललेला दिसला तर पिसणंच बंद. प्रत्येक पोशाखाचे दोन-तीन जोड शिवून घ्या, घाम आणि चहाचे डाग धरूनच. 'माझ्याकडे आता तीनच जागा उरल्यात' अशी वाक्यंसुद्धा तो भाग जागेवर खिळवून टाकतात. संघाची मोजणी बोलून दाखवायची ती चौथ्या दिवसापासून, असं सूत्रसंचालकाला आणि प्रशिक्षकांना आधीच सांगून ठेवा.

जाहिराती वजा जाता तासाच्या भागात ४५ मिनिटांच्या आसपास मजकूर उरतो. ओळखफीत, गाणं आणि बोलणं मिळून एका स्पर्धकाला साडेसहा मिनिटं, म्हणजे भागाला सात जण. निवडलेले ४८ आणि न निवडलेल्यांतले बारा-पंधरा पूर्ण दाखवा, बाकीच्यांची झलक. नऊ भाग. लढतींचे पाच, बाद फेरीचे चार. असे अठरा भाग नऊ आठवड्यांत जातात. पुढे १६ वरून १२, ८, ४ आणि अंतिम असे थेट फेरीचे चार आठवडे. एकूण तेरा.

आणि पहिल्याच हंगामात सगळ्या क्लृप्त्या कोंबू नका. ही खुर्च्यांची कल्पना नेदरलँड्समध्ये सप्टेंबर २०१० मध्ये 'द व्हॉइस ऑफ हॉलंड'मधून आली. अमेरिकी आवृत्ती २०११ मध्ये सुरू झाली, पण हरलेला स्पर्धक उचलण्याची सोय तिथे तिसऱ्या हंगामात, २०१२ मध्ये आली. दुसऱ्या प्रशिक्षकाला अडवणारं 'ब्लॉक' बटण तर २०१८ मध्ये. वर दिलेल्या आकड्यांसाठी 'उचलणं' तुम्हाला लागेलच. 'ब्लॉक' मात्र सध्या विसरा. प्रेक्षकांना मूळ खेळ कळला तरच तो अडवण्यातली गंमत कळते.

---

तारजोड

खुर्च्या आणि आवाजाबद्दल मी सांगतो.

खुर्ची दिसते फर्निचर, पण तिला यंत्र समजा. बटणाचा संकेत थेट मोटारीला न देता कंट्रोलरकडे जातो. तो तीन गोष्टी बघतो: बटणाची वेळ उघडी आहे का, आणीबाणीचा थांबा दाबलेला नाही ना, आणि खुर्ची मूळ जागी आहे का. वेळ उघडायची पहिल्या सुराला, बंद करायची शेवटचा सूर विरताना. हे एका ठरावीक माणसाच्या हातात द्या आणि प्रत्येक दाबाची नोंद टाइमकोडसह (चित्रणावरची सेकंद-फ्रेमपर्यंतची वेळेची खूण) आपोआप साठवा. 'मी आधी दाबलं होतं' हा वाद पहिल्याच दिवशी होतो. नोंद असली की दोन मिनिटांत मिटतो.

१८० अंश वळायला तीन ते चार सेकंद द्या. सुरुवात आणि शेवट हळुवार. झटक्याने थांबली तर प्रशिक्षकाची मान हलते आणि नेमक्या त्या क्षणाचा क्लोजअप फुकट जातो. चाचणी रिकाम्या खुर्चीवर करण्याची चूक सगळे करतात. रिकामी खुर्ची सुरेख वळते, माणूस बसला की मोटार अडखळते किंवा ओव्हरलोड होऊन बंद पडते. १२० किलोची वाळूची पोती ठेवून, थोडी एका बाजूला झुकवून, सलग पन्नास वेळा वळवा. मर्यादा दाखवणारा स्विच सैल झाला असेल तर खुर्ची १८० ऐवजी १७० वर थांबते. डोळ्याला फरक कळत नाही, पण कॅमेऱ्याची चौकट चुकते.

पाय ठेवायची पाटी खुर्चीबरोबरच फिरली पाहिजे. ती स्थिर असेल तर घोटा अडकतो. तळाच्या फटीत झगा, ओढणी, माइकची तार जाते, म्हणून खाली अखंड झालर किंवा रबरी कड लावा. खुर्ची फक्त जाऊन-येऊन करणार असेल तर वायरीला सैल वेटोळं पुरतं, सतत एकाच दिशेने फिरणार असेल तर स्लिप रिंग (वायर न पिळता फिरत्या भागाला वीज देणारा जोड) हवी. वीजपुरवठा दिव्यांच्या डिमरपासून वेगळा ठेवा आणि त्याला यूपीएस द्या. पाचवी खुर्ची तयार ठेवणं परवडत नसेल तर निदान मोटार, कंट्रोलर आणि बटण यांचा एक-एक जादा संच सेटवर हवा. हाताने वळवायची सोय असू द्या.

आता गुप्तता. स्पर्धक दिसू नये म्हणून पाठ केली की काम झालं असं वाटतं. खरं तर पाठमोऱ्या प्रशिक्षकासमोर प्रेक्षक बसलेले असतात आणि त्यांच्या चेहऱ्यांवर सगळं लिहिलेलं असतं. लहान चणीचा मुलगा भरदार आवाजात गायला लागला की प्रेक्षक आधी दचकतात, मग हसतात. प्रेक्षकांना नीट सांगून ठेवा: टाळ्या, आरोळ्या चालतील, बोट दाखवणं आणि 'अरे बापरे' नको. मागून येणाऱ्या दिव्यामुळे गायकाची सावली थेट प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर पडते. तो दिवा वर चढवा किंवा कोन बदला. चकचकीत जमीन, काचेची सजावट, कॅमेऱ्याच्या भिंगाची काच, कशातही प्रतिबिंब मिळतं. प्रशिक्षकांच्या समोरच्या मॉनिटरवर गाण्याच्या वेळी फक्त बोधचिन्ह. हे स्विच करायचं विसरलं की त्या स्पर्धकाची फेरी रद्दच समजा. चारही खुर्च्यांवर एकेक माणूस बसवून सेटची पूर्ण पाहणी करा, आणि ती सगळे दिवे लावून करा. नुसत्या कामाच्या उजेडात यातलं काही दिसत नाही.

तालमीचा आवाजही प्रशिक्षकांच्या कानावर पडता कामा नये. त्यांच्या खोल्या फ्लोअरपासून लांब हव्यात आणि त्यांची गाडी यायची वेळ तालीम संपल्यानंतरची.

प्रशिक्षकाला ऐकू काय येतं, हा खरा गुंता. मुख्य स्पीकरांचं तोंड प्रेक्षकांकडे, मागून वाद्यवृंद, समोरून टाळ्या. त्यामुळे खुर्चीच्या पाठीत, कानाच्या उंचीवर, दोन छोटे स्पीकर बसवतात आणि त्यांत गळा वाद्यांपेक्षा थोडा वर ठेवलेलं वेगळं मिश्रण देतात. ते नसेल तर प्रशिक्षक टाळ्यांच्या जोरावर बटण दाबायला लागतात. गाणं चालू असताना त्यांचे माइक मिश्रणातून बंद, पण वेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रण चालूच. 'वा!' किंवा 'हा मुलगा की मुलगी?' हे संकलनात सोन्यासारखं असतं.

गायकाच्या कानातल्या मॉनिटरचा उशीर (स्वतःचा आवाज त्याला किती उशिरा ऐकू येतो तो वेळ) पूर्ण साखळी धरून पाच-सहा मिलिसेकंदांच्या आत ठेवा. दहाच्या वर गेला की स्वतःचा आवाज पोकळ वाटतो आणि सूर हलतो. गायकासाठी दोन वायरलेस माइक, चार प्रशिक्षक, दोन सूत्रसंचालक आणि सगळे मॉनिटर एकाच हवेत. फ्रिक्वेन्सींचा आराखडा आधीच काढा आणि सगळी उपकरणं एकाच वेळी चालू करून तपासा. एकेक तपासून काही कळत नाही.

कॅमेरे बारा ते चौदा. त्यांतले चार प्रत्येक प्रशिक्षकावर सतत रोखलेले, आणि त्यांचं चित्रण स्वतंत्र. बटणाकडे सरकणारा हात पुन्हा मागे जातो, ते चित्र तिथेच मिळतं. सगळ्या रेकॉर्डरना एकच टाइमकोड, ध्वनी ४८ किलोहर्ट्झवर, फ्रेमचा वेग सगळीकडे सारखा. एक कॅमेरा वेगळ्या वेगावर राहिला तर दहा मिनिटांत ओठ आणि शब्द फारकत घेतात.

---

नवा_हंगाम

पडद्यामागे, तारजोड, दोघांचेही आभार. कपड्यांचा मुद्दा तर आमच्या यादीतच नव्हता. दोन उपप्रश्न. शंभर गाणी वाद्यवृंदाला बसवायला किती दिवस लागतील? आणि संकलनात गळ्यावर ऑटोट्यून (हललेला सूर जागेवर आणणारं सॉफ्टवेअर) लावावं का? आमच्याकडे दोन तट पडलेत.

---

काळी_पाच

वाद्यवृंदाचं सांगतो. दीड मिनिटाची कापणी केलेली गाणी दिवसाला बारा ते चौदा नीट बसतात. शंभरांना आठ दिवस. हे आठ दिवस चित्रीकरणाच्या आधी हवेत. सकाळी तालीम, दुपारी चित्रीकरण असं ठेवलं तर वीस गाण्यांना पाचशे मिनिटं लागतात आणि वादक पहिल्या टेकपर्यंत थकलेले असतात.

कापणी करताना सगळे मुखडा, अंतरा, मुखडा असं सरळ कापतात आणि फसतात. खुर्च्या बहुतेक पहिल्या वीस सेकंदांत किंवा शेवटच्या तिसांत वळतात. म्हणून सुरुवातीला लांब वाद्यसंगीत नको, चार मात्रांत गळा यायला हवा. आणि शेवटाआधी एक मोकळी जागा ठेवा, जिथे वाद्यं थांबतात आणि आवाज एकटा उरतो. बटण तिथे दाबलं जातं.

पट्टी ठरवताना गाण्यातली सर्वांत चढी ओळ पूर्ण जोरात सलग तीन वेळा गाऊन घ्या. तिसऱ्या वेळी गळा ताणला गेला तर अर्धा स्वर खाली. काळी पाच (पेटीवरची पाचवी काळी पट्टी) छान वाटते म्हणून काळी पाच नको. दिव्यांखाली, घाबरलेल्या अवस्थेत, पाचव्या तासाला जी झेपते ती पट्टी. आणि ठरली की कागदावर लिहून स्पर्धकाची सही घ्या. चित्रीकरणाच्या दिवशी 'मला आणखी एक स्वर वर हवा' ही मागणी ठरलेली असते, आणि वादकांच्या पुढ्यातली स्वरलिपी तेव्हा कोणी बदलणार नसतं. लय सुटू नये म्हणून क्लिक (लयीचा टिकटिक ठोका) वादकांच्याच कानात द्या, गायकाला नको.

जोडीच्या लढतीत दोघांच्या पट्ट्या जुळत नाहीत, विशेषतः स्त्री-पुरुष जोडीत. मध्येच पट्टी बदलण्याची सोय वाद्यरचनेत आधीच करून ठेवा. नाहीतर एकाचा गळा खर्जात बुडतो आणि प्रशिक्षक नकळत दुसऱ्याला निवडतो. ही लढत राहत नाही.

ऑटोट्यून: नको. २०१० मध्ये ब्रिटनच्या 'द एक्स फॅक्टर'मध्ये ऑडिशनच्या भागावर ते वापरल्याचं बाहेर आलं आणि प्रेक्षकांनी निर्मात्यांना फैलावर घेतलं. नैतिकतेपेक्षा साधं कारण असं की थेट फेरीत तोच गळा उघडा ऐकू येतो आणि फरक कळतो. आवाजाची पातळी सारखी करा, खरखर काढा, घुमारा द्या. सूर हलवू नका.

---

कलम_बारा

हक्क आणि मतदान. थोडं कोरडं आहे, पण वाचा.

परवाना सही होईपर्यंत सेटचं काम सुरू करू नका. काही जण सुचवतील की 'संकल्पनेवर कॉपीराइट नसतो, नाव बदलून करू'. हे अर्धसत्य आहे. न्यूझीलंडहून आलेल्या एका खटल्यात १९८९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (न्यूझीलंडचं तेव्हाचं सर्वोच्च अपील न्यायालय) एका गुणी-कलाकार शोधाच्या कार्यक्रमाच्या ढाच्याला कॉपीराइटचं संरक्षण नाकारलं हे खरं. पण बोधचिन्ह, नाव, खुर्चीची रचना, संगीत, परवान्याबरोबर येणारी नियमावली या प्रत्येकावर वेगळे हक्क असतात, आणि करार मोडल्याचा दावा तर वेगळाच. चीनमध्ये 'द व्हॉइस ऑफ चायना' २०१२ पासून परवान्यावर चालला. हक्कांवरून वाद झाला आणि २०१६ मध्ये कार्यक्रमाला नाव आणि रूप बदलावं लागलं. परवाना घेतलात की मूळ मालकांचा सल्लागार निर्माता सेटवर येतो. त्याला पाहुण्यासारखं बसवून ठेवू नका, बाकीच्या देशांत काय फसलं ते त्यालाच माहीत असतं.

गाणी मोजा. पहिली फेरी १००, लढती २४, बाद फेरी ३२, थेट फेरीत १६, १२, ८ आणि अंतिम फेरीत चौघांची तीन-तीन. एकूण दोनशे चार. नकार धरून तीनशेहून जास्त गाण्यांसाठी अर्ज करावे लागतात, म्हणून पहिल्या चित्रीकरणाच्या निदान तीन-चार महिने आधी सुरुवात. परवानगीत काय काय हवं ते नीट लिहा: प्रक्षेपण, पुनःप्रक्षेपण, ॲप, समाजमाध्यमांवरच्या झलकी, परदेश, आणि मुदत. फक्त प्रक्षेपणाची परवानगी घेतली आणि लोकप्रिय झालेली झलक दुसऱ्या दिवशी ॲपवरून उतरवावी लागली, हे फार सामान्य आहे. गाणं कापणं, दोन गाणी जोडणं, शब्द बदलणं यांना बहुतेक वेळा वेगळी संमती लागते. प्रत्येक स्पर्धकाकडून तीन गाण्यांची पसंती क्रमाने घ्या.

स्पर्धकांच्या करारात पुढच्या अल्बमचा हक्क किती महिने बांधलेला राहील ते ठळक लिहा आणि त्यांना स्वतःचा वकील दाखवायला वेळ द्या. अल्पवयीन असेल तर पालकांची सही, कामाच्या तासांची मर्यादा, सेटवर पालक हजर. आणि तक्रारीसाठी निर्मिती संस्थेबाहेरची व्यक्ती नेमा. नेदरलँड्समध्ये मूळ कार्यक्रमच जानेवारी २०२२ मध्ये गैरवर्तनाच्या आरोपांमुळे वाहिनीने थांबवला. प्रशिक्षकाने किंवा वाद्यवृंदातल्या कोणी स्पर्धकाशी परस्पर संपर्क ठेवायचा नाही, निरोप समन्वयकामार्फतच, हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर वाचून दाखवा, प्रशिक्षकांसकट.

मतदानात सर्वांत मोठी चूक म्हणजे मतपेटी उघडी दिसते पण मत मोजलं जात नाही. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये फोन-स्पर्धांचा असाच घोटाळा उघड झाला आणि नियामक ऑफकॉमने २००८ मध्ये आयटीव्ही या वाहिनीला ५६ लाख ७५ हजार पौंडांचा दंड केला. ॲपवरचं प्रक्षेपण टीव्हीपेक्षा वीस-चाळीस सेकंद मागे असतं. 'मतदान बंद' असं पडद्यावर आलं की सर्व्हर किमान एक मिनिट उघडा ठेवा, आणि हे नियमांत लिहा. शेवटी गाणाऱ्याला आपोआप जास्त मतं पडतात, म्हणून मतदान सगळ्यांची गाणी झाल्यावर, प्रत्येकाची पंधरा सेकंदांची उजळणी दाखवून सुरू करा. गाण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून. एका क्रमांकाला किंवा खात्याला मतांची मर्यादा. पडद्यावरचा मतक्रमांक आणि स्पर्धकाचं नाव तीन वेगवेगळ्या माणसांनी मोठ्याने वाचून जुळवायचं. मोजणी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडे, आणि त्याच्या सहीचा कागद हातात आल्याशिवाय सूत्रसंचालकाला लिफाफा नाही. बरोबरी झाली तर काय, यंत्रणा कोसळली तर काय, हे दोन्ही आधीच छापील नियमांत हवं. यंत्रणा कोसळली तर निकाल पुढच्या भागावर ढकला. प्रशिक्षकाला तिथल्या तिथे निवडायला लावू नका.

---

पडद्यामागे

कलम_बारा यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड: निकाल पुढे ढकलावा लागला तर काय बोलायचं आणि काय दाखवायचं ते आधी ठरवा. थेट प्रक्षेपणात अकरा मिनिटं अचानक रिकामी होतात. प्रशिक्षकांचं एक समूहगीत, परवानगीसकट, तालीम करून राखीव ठेवा. गरज पडली नाही तर अंतिम फेरीत वापरा.

आणि प्रशिक्षक निवडताना आवाजापेक्षा कान बघा. चौघांचे कान एकाच जातीचे असले तर चारही खुर्च्या एकाच स्पर्धकाला वळतात आणि पुढच्या सहा जणांना एकही नाही. जुनी ध्वनिमुद्रणं ऐकवून घ्या: वीस अनोळखी आवाज, दीड-दीड मिनिट, चौघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून खुणा करायच्या. खुणा जुळल्या तर चौकडी बदला.